आडवाटेची पुस्तकं आणि भिशीतला नंबर

पत्राचा गोषवारा. सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय चाळिशीच्या पुढे, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जायचं आणि कपाटात वर्षानुवर्षं कुणी न नेलेलं काहीतरी घरी आणायचं, ही त्यांची जुनी सवय. कधी पाकशास्त्राचा जुना ग्रंथ, कधी रहस्यकथेची चोपडी, कधी शेतीवरचं पुस्तक, कधी नाव न ऐकलेल्या कवीचा संग्रह. त्यांच्या कॉलनीत अकरा जणींची भिशी आहे. दोन वर्षांपूर्वी त्या भिशीचंच वाचनमंडळ झालं. जिचा नंबर, तिने पुस्तक सुचवायचं, बाकीच्यांनी महिनाभरात वाचून यायचं. आजवर सुचवलेली सगळी पुस्तकं प्रसिद्ध. मागच्या वेळी कुणीतरी ‘तुझं आवडतं पुस्तक कुठलं गं?’ असं विचारलं आणि ताईंनी त्या पाकशास्त्राचं नाव घेतलं. एकजण म्हणाली, “अगं, म्हणजे तू रद्दी वाचतेस की!” सगळ्या हसल्या. घरी यजमानांचं म्हणणं, एक ना धड, भाराभर चिंध्या. पुढचा नंबर ताईंचा आहे. त्या विचारतात: माझं वाचन म्हणजे वेगळेपणा मिरवणं तर नाही ना? सगळीकडे थोडं थोडं तोंड घालून खोली येते का? आणि मंडळाला सगळ्यांना चालेल असं नावाजलेलं पुस्तक सुचवू, की मला आवडलेलं?

ताई,

आधी त्या ‘रद्दी’चं बघू. हशा झाल्यावर तुम्ही पुढे काय बोललात ते पत्रात नाही. माझा अंदाज, काहीच बोलला नाहीत. चहा आला असेल, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची ताटली फिरली असेल आणि विषय तिथेच संपला असेल. त्या मैत्रिणीने पुस्तकाची टर उडवली असं तुम्हाला वाटतं. पण तिला त्या पुस्तकाबद्दल माहीत तरी काय होतं? फक्त नाव, तेही पाकशास्त्राचं. प्रसिद्ध पुस्तकाची गोष्ट वेगळी. त्याचं नाव घेतलं की पुढचं बोलणं नावच करतं, समोरची मान डोलावते, कधी कधी न वाचताही. आडवाटेच्या पुस्तकाला ती सोय नाही. तिथे नाव घेतल्यावर बोलायला सुरुवात करावी लागते, आणि तुम्ही नाव घेऊन थांबलात.

तुम्ही ग्रंथाचं नाव मला कळवलेलं नाही. पण लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 1910 सालच्या ‘गृहिणी-मित्रा’च्या आसपासच्या काळातलं असेल, तर त्यात मापं शेर, पावशेर, तोळ्याची असणार. आता तुम्ही हिशेबातल्या, म्हणून सांगते. तोळा साधारण 11.66 ग्रॅमचा. सरकारी पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅमच्या घरात. पण मुंबईचा जुना शेर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच. म्हणजे ‘एक शेर साखर’ वाचून पक्क्या शेराने घातलीत आणि लिहिणारीच्या मनात मुंबईचा शेर असला, तर तिप्पट गोड! लिहिणारी कुठली, छापलं कुठे, घरात कोणतं माप होतं, हे लावल्याशिवाय पदार्थ जमायचा नाही. एवढं त्या दिवशी बोलला असतात तर अकरापैकी निदान चौघींनी आपापल्या सासूबाईंच्या पायली-अधोलीच्या गोष्टी काढल्या असत्या. हसल्या तर त्याही असत्याच, पण वेगळ्या.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला. तुम्ही लिहिता, “मला फारशी माहीत नसलेली पुस्तकं आवडतात.” कुणाला माहीत नसलेली?

द. रा. बेंद्रे हे नाव भिशीत विचारून बघा. कर्नाटकात शाळकरी पोराला ते पाठ असतं. 1973 सालचं ज्ञानपीठ त्यांना ‘नाकुतंती’ या कन्नड कवितासंग्रहासाठी मिळालं. हे बेंद्रे 1944 ते 1956 सोलापुरात होते, तिथल्या डी.ए.व्ही. कॉलेजात शिकवत होते, त्यांच्या घरची भाषा मराठी होती आणि मराठीतही त्यांनी लिहिलं आहे. सोलापूर म्हणजे पूर्व भागात तेलुगू, बाळीवेशीकडे कन्नड, शिवाय उर्दू, शिवाय आपण. एका भिंतीच्या अलीकडचा महाकवी पलीकडे ‘फारसा माहीत नसलेला’ असतो. मी स्वतः त्या गावात अकरा वर्षं राहिले आणि बेंद्र्यांची पहिली कविता, भाषांतरात, सोलापूर सोडल्यावर वाचली. ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हे.

दुसरं उदाहरण ताराबाई शिंद्यांचं. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे त्यांचं छोटंसं पुस्तक 1882 सालचं. त्या वेळी त्याच्यावर गहजब झाला, जोतीराव फुल्यांनी पाठीशी उभं राहून त्याची बाजू घेतली, आणि नंतर ते नाहीसंच झालं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा कुठे लोकांच्या हाती लागलं. आज ते अभ्यासक्रमात असतं. मधल्या नव्वद वर्षांत त्यातलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. पुस्तकं मागे पडतात त्याची कारणं बऱ्याचदा साधी असतात. पुढची आवृत्ती निघत नाही, प्रकाशक दुकान बंद करतो, लेखिका दुसरं पुस्तक लिहीत नाही, किंवा तिने लिहिलेलं ऐकायची लोकांची तयारी नसते.

असं म्हणताना दुसरी बाजू लपवत नाही. बरीच पुस्तकं कपाटात पडून राहतात कारण ती कंटाळवाणी असतात. माझ्या अनुभवात आडवाटेची दहा आणली तर सहा-सात परत करण्याच्याच लायकीची निघतात. त्यामुळे ‘लोकांना माहीत नाही म्हणून चांगलं’ हा समज ‘लोकांना माहीत आहे म्हणून चांगलं’ या समजाइतकाच कच्चा. तुम्ही रोज टॉवेल बघता. लेबल झाकलं तरी हात फिरवल्यावर तुम्हाला वजनाचा अंदाज येतो, चारशे जीएसएमचा की सहाशेचा. पुस्तकाचंही तसंच करा. पंचवीस-तीस पानं वाचा, त्यात एकही वाक्य मोठ्याने कुणाला वाचून दाखवावंसं वाटलं नाही तर खुशाल परत करा. वाचनालयाचं पुस्तक अर्धवट सोडल्याचं पाप लागत नाही.

मिरवण्याबद्दल. हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात, तेव्हा थोडंसं तसं असेलही. मला तरी होतं. विशीत मी एक नाटक वाचलं होतं, ते आमच्या वर्गात दुसऱ्या कुणी वाचलेलं नव्हतं, आणि वर्षभर मी त्याचं नाव अत्तरासारखं लावून हिंडत होते. मग एका मैत्रिणीने ते मिळवलं, वाचलं, तिलाही आवडलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट चिडचिड झाली! तेव्हा कळलं की प्रेम नाटकावर कमी आणि त्याच्या एकटेपणावर जास्त होतं. तुम्हीही कल्पना करून बघा. उद्या तुमचं ते पाकशास्त्र नव्याने छापलं गेलं आणि सोलापुरातल्या सात रस्ता भागातल्या प्रत्येक घरात पोचलं, तर तुम्हाला बरं वाटेल की काहीतरी हिरावल्यासारखं वाटेल? बरं वाटणार असेल तर मिरवण्याचा प्रश्न सोडून द्या. पत्राच्या सुरावरून मला वाटतं तुम्हाला बरंच वाटेल, कारण तुमची खरी तक्रार पुस्तकांची नाहीच. वाचलेलं बोलायला कुणी नाही, ही आहे.

यजमानांच्या चिंध्यांबद्दल मात्र मी थोडी भांडणार आहे. सोलापुरात राहून चिंध्यांना नावं ठेवायची म्हणजे कमाल झाली. वाकळ कशाची शिवतात?

पण त्यांच्या बोलण्यात एक खरी शंका आहे. सगळ्या प्रकारांतली पुस्तकं वाचून एकाचाही एकाशी संबंध लागला नाही, तर त्या चिंध्याच. टाका घालावा लागतो. तो कसा घालायचा ते एका उदाहरणानेच सांगते, कारण त्यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं.

तुम्ही शेतीवरचं पुस्तक आणलं होतं म्हणता. त्या कपाटात त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ आहे का बघा. 1915 सालचं आहे. कथा नाही, कादंबरी नाही. गावात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार कोण काय करतं, कुणाला सुगीत किती धान्य मिळतं, कुणाचा कुणावर हक्क, याचं ते वर्णन आहे. भाषा मात्र अशी की एकेका हत्याराचं, एकेका हक्काचं नाव वाचताना जीभ खूश होते. त्यात ‘फिरस्ते’ म्हणून एक प्रकरण आहे, गावोगाव भटकणाऱ्या जमातींवरचं. आत्रे त्यांच्याकडे गावाच्या बाजूने बघतात, आणि ती नजर काही मऊ नाही. हे लोक गावावर ओझं कसे होतात, याचाच हिशेब त्यात जास्त.

ते वाचून झालं की विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ घ्या. ही कादंबरी, 1950 सालची. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांचं 1933 सालचं ‘कळ्यांचे निःश्वास’ खूप गाजलं आणि त्याच्या नावापुढे ‘बळी’ झाकोळली गेली. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं. मालतीबाईंनी अशा वसाहतीत, म्हणजे ‘सेटलमेंट’मध्ये, नोकरी केली होती, आणि ती वसाहत सोलापूरची. ‘बळी’ त्या अनुभवातून आली. कायदा देशभरातून रद्द झाला 1952 साली, म्हणजे पुस्तक छापलं गेलं तेव्हा तो अजून पुरता गेलेला नव्हता.

ताई, तुमच्या भिशीतली एखादी तरी रोज ‘सेटलमेंट’ म्हणून रिक्षावाल्याला पत्ता सांगत असेल. कसली सेटलमेंट, हे किती जणींना माहीत असेल?

आता बघा, एक माहितीचं पुस्तक, एक कादंबरी. एक कुंपणाबाहेरून लिहिलेलं, दुसरं आत वावरलेल्या बाईने. एकटं ‘गावगाडा’ वाचलंत तर आत्र्यांच्या नजरेने बघाल, एकटी ‘बळी’ वाचलीत तर चुकचुकाल आणि पुस्तक मिटाल. दोन्ही शेजारी ठेवली की जी अस्वस्थता येते तिला मी खोली म्हणते. एकाच प्रकारातली पन्नास पुस्तकं वाचूनही ती येईलच असं नाही. आणि रहस्यकथांचं म्हणाल तर त्यांनाही ओळीबाहेर बसवू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एका बैठकीत एक वाचायची, दमलेल्या दिवशी. प्रत्येक पुस्तकाकडून एकाच चालीची अपेक्षा धरली की घोटाळा होतो. ‘गावगाडा’ आठवड्याला एक प्रकरण, पाकशास्त्र स्वयंपाकघरात उभ्याने, कविता दिवसाला एखादी. कोशसुद्धा वाचता येतो. तुमच्याच गावात जन्मलेल्या, 2006च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेल्या मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मधूनच कुठेही उघडावा, दोन पक्षी वाचावेत आणि मिटावा.

तेव्हा मंडळाला काय सुचवायचं? तुमच्यासमोर तीन वाटा दिसतात. नावाजलेलं पुस्तक सुचवलंत तर संध्याकाळ सुखात जाईल, आणि तुम्ही घरी येताना थोड्या उदास असाल. नावाजलेल्या पुस्तकांशी माझं वैर नाही हं, गाजलेली बरीच पुस्तकं गाजण्यासारखीच असतात. पण ती सुचवायला बाकी दहा जणी आहेत. पाकशास्त्र सुचवू नका. ते तुमचं आहे, पण महिनाभर वाचून चर्चा करायचं पुस्तक ते नव्हे. त्यातला एक पदार्थ मात्र करून न्या आणि ताटलीशेजारी तोळ्या-शेरांचा हिशेब लिहिलेला कागद ठेवा. माझं मत ‘बळी’ला. नाव न ऐकलेलं पुस्तक, पण गाव ओळखीचं. अनोळखी पुस्तकाला आत यायला असा एक ओळखीचा दरवाजा लागतो, तो असला की लोक कुरकुर कमी करतात.

अडचण प्रतींची येईल. वाचनालयात बहुधा एकच प्रत असेल आणि तुम्ही अकरा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था गावात आहे, शिवाय पेठांमधली छोटी वाचनालयं आणि कॉलेजांची ग्रंथालयं. प्रत्येकीने आपापल्या ओळखीत विचारलं तर दोन-तीन प्रती जमतील. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, नुसतं तोंडी सांगून उपयोग नसतो. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मात्र काढू नका. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं त्याचे हक्क राहतात आणि मालतीबाई 2001 साली गेल्या. ‘गावगाडा’ आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ कधीच हक्कमुक्त झाली आहेत. अशी जुनी पुस्तकं विकिस्रोत किंवा इंटरनेट अर्काइव्हवर शोधून बघा, साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मोबाईलवर वाचायला डोळे दुखतात अशी तक्रार येईल, तेव्हा ‘फिरस्ते’ प्रकरण छापून द्या. ते हक्कमुक्त आहे, त्याला हरकत नाही.

आणि दोन-तीनच प्रती जमल्या तर सरळ मोठ्याने वाचा. भिशी चार वाजता असेल तर अर्धा तास आधी जमा, प्रत्येकीने दोन पानं. आपल्याकडे पोथी अशीच वाचत होते, एक वाचणारी आणि बाकीच्या ऐकणाऱ्या, त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. ज्या दोघी-तिघी घरी वाचून येत नाहीत (अशा प्रत्येक मंडळात असतात, त्यांना मी कधीच नावं ठेवत नाही, त्याच खायला छान करतात), त्यांचीही त्यामुळे सोय होते.

पुस्तक सुचवताना त्याची स्तुती करू नका. ‘फार सुंदर आहे, वाचाच’ म्हटलं की ऐकणारी मनातल्या मनात पाय मागे घेते. ‘आपल्या सेटलमेंटचं आहे, तारेच्या आतलं, आणि लिहिलंय तिथे नोकरी केलेल्या बाईने,’ एवढं बोला आणि थांबा. एखादं अर्धं पान वाचून दाखवा. आवडलं नाही तर नाही. अकरापैकी दोघींना जरी आवडलं, तरी तुम्हाला बोलायला दोघी मिळाल्या. शून्यावरून दोन, हिशेबाच्या माणसाला हे सांगायला नको.

ज्यांना भिशी नाही, मंडळ नाही अशा वाचकांचीही पत्रं येतात, नोकरीसाठी परगावी राहणारी मुलं, निवृत्त गृहस्थ. त्यांना माझं सांगणं, मंडळ शोधत बसू नका, काउंटरपलीकडच्या माणसापासून सुरुवात करा. तीस वर्षांपूर्वी एका वाचनालयातून मी एक प्रवासवर्णन घरी नेलं. बत्तिसाव्या पानापुढे बघते तर पानं जोडलेलीच! फर्मा दुमडून शिवलेला, कडा कापायच्या राहून गेलेल्या. पुस्तक कपाटात येऊन कित्येक वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात एकही माणूस तेहतिसाव्या पानापुढे गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी घाबरत काउंटरवर नेलं, म्हटलं फाडलं असं समजतील. तिथल्या गृहस्थांनी खणातून लाकडी फूटपट्टी काढली, माझ्या हातात दिली आणि स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसले. मी कडा कापत गेले, ते वाचत गेले. पुस्तक बेताचंच होतं. पण त्यानंतर दर आठवड्याला ते माझ्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवायचे, “हे कुणी नेत नाही, बघा तुम्हाला जमतंय का.”

‘बळी’ मिळाली तर मागच्या पानावरची तारखांची पट्टी आधी बघा. शेवटचा शिक्का कोणत्या सालचा आहे ते मला कळवा. आणि त्या पाकशास्त्रातला शेर मुंबईचा निघाला की पक्का, तेही.